फी कुणी भरायची?

'आमची मुलगी बी.एस्सी. फर्स्ट क्लास आहे. लग्न होऊन अमेरिकेला गेली. आता म्हणते, पुढे शिकायचंय, पण त्याआधी पुन्हा कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विषय करायला लागणार आणि त्याचे पैसे वेगळे. हे काय गौडबंगाल आहे? तिला तिथं कुणी फसवत तर नाही ना?'

सोलापूरकडच्या एका आईचा हा प्रश्न. अगदी याच शब्दांत नाही, पण या अर्थाचं बोलणं मी गेल्या काही वर्षांत कितीतरी आयांकडून, सासूबाईंकडून आणि खुद्द मुलींकडूनही ऐकलंय. तेव्हा आधी उत्तर देऊन टाकते. नाही, कुणी फसवत नाही. पण कुठल्या कॉलेजात, कुठल्या क्रमानं आणि कुणाच्या पैशानं हे विषय करायचे याचा विचार आधी केला नाही, तर मुलगी आपणहून फसू शकते.

आपल्याकडे बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली मुलगी एम.एस्सी. केमिस्ट्री करते. बी.कॉम.वाली एम.कॉम. करते. गाडी एकाच रुळावरून जाते. अमेरिकेत रूळ बदलता येतो, हे तिथल्या शिक्षणाचं मोठं सुख. केमिस्ट्रीवाली नर्सिंगच्या मास्टर्सला जाऊ शकते, बी.ए. झालेली मुलगी बोलण्यातले दोष दुरुस्त करणारी स्पीच थेरपिस्ट होऊ शकते, बी.कॉम.वालीला अकाउंटिंगचं मास्टर्स करता येतं. मात्र रूळ बदलताना मधला सांधा आपण जोडायचा. त्या विषयाचा पाया म्हणून जे विषय पदवीला असायला हवे होते आणि आपल्या मार्कलिस्टवर नाहीत, ते आधी करून यायचे. त्यांना 'प्रीरिक्विझिट' म्हणतात. तिथं राहणाऱ्या आपल्या मुली लाडानं 'प्रीरेक' म्हणतात. 'माझे प्रीरेक चाललेत' असं लेक फोनवर म्हणाली, तर ते हे.

नर्सिंगचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्या मुलींचा तिकडे ओढा बराच आहे. दुसऱ्याच विषयाची पदवी असलेल्यांना थेट नर्सिंगच्या मास्टर्सला घेणारे अभ्यासक्रम तिथं आहेत. त्यांची साधारण यादी अशी असते : शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र भाग एक व दोन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायनशास्त्र, हे प्रत्येकी चार क्रेडिटचे, प्रयोगशाळेसकट. मग संख्याशास्त्र, मानसशास्त्र, वाढीच्या वयाचं मानसशास्त्र आणि आहारशास्त्र, हे तीन-तीन क्रेडिटचे. झाले अठ्ठावीस क्रेडिट. विद्यापीठागणिक यात एखादा विषय कमी-जास्त होतो, काही जण इंग्रजी लेखनाचाही विषय मागतात.

आता पैशाचं बोलू. अमेरिकेत अशा सुट्या विषयांची फी वर्षाची नसते, क्रेडिटची असते. आणि तोच विषय, तेवढेच क्रेडिट, पण दुकानागणिक भाव वेगळा! कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत तिथल्या रहिवाशांना क्रेडिटमागे ४६ डॉलर पडतात. हा दर २०१२ पासून तोच आहे. म्हणजे अठ्ठावीस क्रेडिटचे १,२८८ डॉलर. न्यू जर्सीसारख्या राज्यात काउंटीच्या कॉलेजात इतर शुल्कं धरून क्रेडिटला दोनशेच्या आसपास जातात, म्हणजे साडेपाच हजारांच्या वर. आणि एखाद्या खासगी विद्यापीठात सातशे डॉलरचा दर असेल, तर तेच विषय जवळजवळ वीस हजारांना पडतात. मार्कलिस्टवर 'मायक्रोबायॉलॉजी, ए' एवढंच उमटतं. बहुतेक विद्यापीठांना तो कम्युनिटी कॉलेजातला चालतो. मोजके अभ्यासक्रम मात्र चार वर्षांच्या कॉलेजातलाच हवा म्हणून अडून बसतात, म्हणून विचारल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

कम्युनिटी कॉलेज हा शब्द आपल्याला परका आहे. जिल्हा परिषदेनं कॉलेज काढावं आणि त्यात अठरा वर्षांच्या पोरापासून पन्नाशीच्या बाईपर्यंत कुणीही संध्याकाळी येऊन एक विषय शिकून जावं, अशी काहीशी कल्पना करा. आपल्याकडे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं १९८९ पासून संसारी बायकांना पदवीची वाट मोकळी केली, त्याच्याशी याचं मनानं नातं आहे. फरक एवढाच की इथं वर्गात बसायचं असतं आणि बेडकाऐवजी कधी मांजराचं विच्छेदन करायचं असतं.

बार्शीकडची एक मैत्रीण आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. २०११ ला बी.एस्सी. केमिस्ट्री, २०१३ ला लग्न, मग न्यू जर्सी. नवरा एच-वन व्हिसावर, ही एच-फोर. म्हणजे नवऱ्याची आश्रित. 'डिपेंडंट' हा शब्द व्हिसाच्या कागदावर असतो, पण तो घरात शिरायला वेळ लागत नाही. किराणा, मुलाचा डबा, त्याचे शर्ट. पाचेक वर्षं अशी गेली. मग सासऱ्यांना तिकडेच असताना छातीत दुखलं, दवाखान्यात आठ दिवस ही त्यांच्या उशाशी. डॉक्टरांचं इंग्रजी त्यांना मराठीत सांगायची आणि त्यांचं बार्शीचं मराठी नर्सला इंग्रजीत. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, मला नर्स व्हायचंय.

तो 'नको' म्हणाला नाही. तो म्हणाला, 'अगं, हो ना. पण आत्ताच कशाला? घराचं डाउन पेमेंट होऊ दे की.'

बाईच्या शिक्षणाला आजकाल सुशिक्षित घरात कुणी विरोध करत नाही. फक्त रांगेत तिचा नंबर शेवटी असतो. आधी घर, मग गाडी, मग मुलाची पोहण्याची शिकवणी, मग दिराच्या लग्नाला जायची तिकिटं. यातलं काहीच खोटं नसतं, म्हणून तर भांडता येत नाही. आणि पगार त्याचा, त्यामुळे मागणारी ती. दहावीपासून कधी कुणाकडे फीसाठी हात न पसरलेली मुलगी, कारण वडील न मागता भरायचे, ती बत्तिसाव्या वर्षी नवऱ्यासमोर क्रेडिटचा दर सांगत उभी राहते. हे फार अवघड जातं, असं मला एकीनं नाही, अनेकींनी सांगितलंय.

बार्शीच्या आईला फोनवर कळलं तेव्हा ती माउली म्हणाली, 'पाटल्या कशाला ठेवल्यात मी? मोडते.' पोरगी म्हणाली, 'आई, पाटल्या राहू देत. तू फक्त माझं विद्यापीठातलं ट्रान्सक्रिप्टचं काम कर.'

हे काम इथल्या माणसांचं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. भारतातली पदवी अमेरिकेतल्या विद्यापीठाला समजावी म्हणून तिचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. वेस, ईसीई अशा संस्था ते करतात. प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि ग्रेड सांगणारा सविस्तर अहवाल घ्यावा लागतो, त्याला दोनशे डॉलरच्या आसपास खर्च येतो. त्यांना आपल्या हातातली मार्कलिस्ट चालत नाही. विद्यापीठानं प्रमाणित केलेली ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच, सीलबंद किंवा ऑनलाइन, जावी लागते. मग मुलीचं अधिकारपत्र घेऊन वडील किंवा भाऊ विद्यापीठाच्या खिडकीवर जातो, जुन्या मार्कलिस्टा शोधाव्या लागतात, माहेरचं नाव आणि सासरचं नाव जुळवायला लग्नाचा दाखला लागतो. तुमच्या घरात अशी मुलगी असेल, तर तिच्या सगळ्या वर्षांच्या मार्कलिस्टा एका फाइलीत लावून ठेवा. पेटीत, माळ्यावर, काकांच्या कपाटात नको. हा उपकार पाटल्यांपेक्षा मोठा आहे, कारण ट्रान्सक्रिप्ट दोन महिने उशिरा पोचली की प्रवेशाचं एक वर्ष जातं.

तीन वर्षांच्या पदवीची आणखी एक गोम आहे. अमेरिकेतली पदवी चार वर्षांची. आपल्या तीन वर्षांच्या बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.ला काही विद्यापीठं पूर्ण पदवी मानतात, काही मानत नाहीत. जिथं मानत नाहीत तिथं प्रीरेक करूनही दार उघडत नाही. म्हणून पहिला डॉलर भरण्याआधी ज्या चार-पाच ठिकाणी अर्ज करायचाय तिथं ई-मेल करून दोनच गोष्टी विचाराव्यात : माझी पदवी चालेल का, आणि माझ्या कुठल्या विषयांना सूट मिळेल? उत्तर लेखी घ्यावं. बार्शीच्या मैत्रिणीनं विचारलं तर एका विद्यापीठानं बी.एस्सी.ची केमिस्ट्री चालेल असं कळवलं, दुसऱ्यानं ती दहा वर्षांपूर्वीची म्हणून नाकारली. पहिल्याकडे अर्ज करायचं ठरवून तिनं चार क्रेडिट वाचवले. आठशे डॉलर! एका ई-मेलचे. उरले चोवीस क्रेडिट, ४,८०० डॉलर. रुपयांत चार लाखांच्या वर.

मदत कुणाला आणि किती

'तिकडे तर सगळ्यांना स्कॉलरशिप मिळते म्हणे!' हे वाक्यही नेहमी ऐकू येतं. मिळते, पण नेमकी या टप्प्यावर नाही. अमेरिकन सरकारचं पेल अनुदान, जे परत फेडावं लागत नाही, ते पहिली पदवी नसलेल्यांसाठी आहे. बी.एस्सी. झालेली तिथं बाद. आणि सरकारी कर्ज असो की अनुदान, ते नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि काही मोजक्या वर्गांना मिळतं. एच-फोरवालीला नाही. तिला शिकायची मुभा आहे, पूर्णवेळही आणि अर्धवेळही, त्यासाठी वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. (टुरिस्ट व्हिसावर गेलेल्यांना मात्र असं कॉलेजात नाव घालता येत नाही.) शिकायची मुभा आणि शिकायला पैसे या दोन वेगळ्या गोष्टी.

ग्रीन कार्ड झालेल्या बायकांसाठी सरकारी कर्जाची एक खिडकी आहे, ती फारशी कुणाला माहीत नसते. मास्टर्सच्या प्रवेशासाठी लागणारे पूर्वतयारीचे विषय करायला सलग बारा महिन्यांपुरतं कर्ज मिळतं. स्वतंत्र विद्यार्थी म्हणून गणल्या जाणाऱ्या व्यक्तीला, आणि लग्न झालेली बाई तशी गणली जातेच, साडेपाच हजार अधिक सात हजार अशी साडेबारा हजार डॉलरची कमाल मर्यादा आहे. हे विषय प्रवेशासाठी आवश्यकच आहेत, याचा कागद लागतो.

अट मोठी गमतीची आहे. निदान 'अर्धवेळ' विद्यार्थी हवा, आणि अर्धवेळ म्हणजे सत्राला सहा क्रेडिट. म्हणजे दोन विषय. मूल सांभाळून, नोकरी करून सत्राला एकच विषय जेमतेम झेपणारी बाई ही सरकारी भाषेत अर्धवेळसुद्धा नाही! तिला काहीच नाही. आणि बारा महिने सलग मोजायचे. मधे आजारपण आलं, भारतात यावं लागलं, तरी घड्याळ थांबत नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नुकतं कॉलेज संपवलेला सडाफटिंग मुलगा असावा, असं मला नेहमी वाटतं.

नांदेडकडची एक बाई, पंचेचाळिशी ओलांडलेली, बी.कॉम., मुलं कॉलेजात गेलेली. तिनं या खिडकीचा नीट फायदा घेतला. अकाउंटिंगच्या मास्टर्सला लागणारे सगळे विषय तिनं एका वर्षात बसवले, सत्राला दोन-दोन आणि उन्हाळ्यात दोन. कर्ज मिळत होतं साडेबारा हजार, तिनं घेतलं फक्त फीपुरतं. जास्त मिळतंय म्हणून घेऊ नये, हे तिचं म्हणणं मला पटतं. पुढे मास्टर्सचा डोंगर उभाच असतो. त्यात आता तिथला कायदा बदललाय. मास्टर्ससाठी हवं तेवढं, फीइतकं कर्ज देणारी 'ग्रॅड प्लस' योजना २०२५ च्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केली. मेडिकलसारखे काही व्यावसायिक अभ्यासक्रम सोडले, तर पदव्युत्तर विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलर, त्यापुढे नाही. तेव्हा पायरीलाच कर्ज करून ठेवलं, तर वर चढताना हात आखडतो. खासगी बँकांची कर्जं आहेत, पण त्यांचा व्याजदर आणि जामीनदाराची अट पाहता प्रीरेकसाठी ती घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात चांगला पैसा मालकाचा! तिथल्या कायद्यानुसार नोकरी देणारी संस्था कर्मचाऱ्याच्या शिक्षणावर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत खर्च करू शकते आणि त्यावर कर्मचाऱ्याला कर पडत नाही. बरीच इस्पितळं ही सवलत देतात, काही ठिकाणी अर्ध्या वेळाच्या कर्मचाऱ्यांनाही. नोकरी कुठलीही असो, रिसेप्शनवर बसायची, फाइली लावायची, रक्ताच्या नमुन्यांना लेबलं लावायची. रत्नागिरीकडच्या एका मुलीनं ठरवून असंच केलं. पगार दुसरीकडे घंट्याला तीन डॉलर जास्त मिळत होता, तरी तिनं इस्पितळातली टेबलावरची नोकरी धरली आणि पाच विषय इस्पितळाच्या पैशानं केले. आधी आपण फी भरायची, 'बी' किंवा वरची ग्रेड आणून दाखवायची, मग पैसे परत. आणि शिक्षणानंतर अमुक काळ नोकरी सोडायची नाही, सोडली तर पैसे परत करायचे, असा करार. त्या करारावर सही करण्यापूर्वी तो दोनदा वाचावा. नवऱ्याची बदली दुसऱ्या राज्यात झाली तर काय, हे आधीच विचारावं.

यात एच-फोरवालीचं दुखणं वेगळं आहे. तिला नोकरीची परवानगी सरसकट नाही. २०१५ च्या मे महिन्यापासून, नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा एक ठरावीक टप्पा मंजूर झालेल्या बायकांना कामाचं परवानापत्र मिळू लागलं. त्याविरुद्धचा खटला वर्षानुवर्षं चालला. शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो ऐकायला नकार दिला, तेव्हा बायकांनी सुस्कारा सोडला. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दुसरा नियम आला! पूर्वी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की जुना परवाना ठरावीक मुदतीपर्यंत आपोआप चालू राहायचा. ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती सोय काढून घेतली. आता जुना परवाना संपला की नवं कार्ड हातात पडेपर्यंत नोकरी बंद. नोकरी बंद म्हणजे फीची मदतही बंद, आणि विषय मात्र अर्ध्यावर. म्हणून एच-फोरवालीनं मालकाच्या भरवशावर असली, तरी एका सत्राची फी बाजूला ठेवूनच नाव घालावं.

एकेक करून

बार्शीवाली यातल्या कशातच बसली नाही. परवाना नाही, म्हणून पगार नाही. ग्रीन कार्ड नाही, म्हणून कर्ज नाही. तिच्याकडे फक्त घरखर्च होता. तिनं एक वही केली. आपल्या आया दुधाची करतात तशी. महिन्याला किती बाहेरचं खाणं, किती किराणा, कुठली वर्गणी कुणी बघतच नाही. त्यातून महिन्याला दोनशे डॉलर निघतात, हे तिनं नवऱ्याला वहीतून दाखवलं. डाउन पेमेंटच्या पैशाला हात लावायचा नाही, ही त्याची अट तिनं मान्य केली. सत्राला एक विषय. कॉलेजात हप्ते पाडून मिळतात, थोडं नाव-शुल्क भरलं की सत्राची फी चार-पाच हप्त्यांत, बिनव्याजी. आठशे डॉलरचा विषय चार महिन्यांत दोनशे-दोनशेनं फिटला.

एकेक विषय करण्यात धोका आहे, तो वयाचा. तिच्या नाही, विषयाच्या. बरीच विद्यापीठं विज्ञानाचे विषय पाच ते सात वर्षांच्या आतले मागतात. तिनं वर्षाला एकच विषय केला असता, तर सातवा होईपर्यंत पहिला शिळा झाला असता आणि त्याचे पैसे पुन्हा. म्हणून ऑगस्टचं, जानेवारीचं आणि उन्हाळ्याचं अशी तिन्ही सत्रं धरून वर्षाला तीन, असा अडीच वर्षांचा हिशेब तिनं बसवला. मानसशास्त्रासारखे, ज्यांना अशी मुदत सहसा नसते ते विषय आधी, आणि मुदतीचे नंतर. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटला. घरात मूल लहान असेल तर पहिल्याच सत्रात प्रयोगशाळेचा विषय घेऊही नये. पुस्तकं मिटून पंधरा वर्षं झालेली असतात. एखादा हलका विषय घेऊन हात बसवावा. कारण ग्रेड खाली आली तर विषय पुन्हा करायचा, पुन्हा आठशे डॉलर. आणि झेपत नाही असं वाटलं, तर पूर्ण फी परत मिळायची तारीख सत्राच्या अगदी सुरुवातीलाच असते. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. त्या तारखेनंतर नाव काढलं तर मार्कलिस्टवर 'डब्ल्यू' लागतो आणि पैसेही जातात.

पुस्तकांचं एक बरं झालंय. शरीरशास्त्राचं एक पुस्तक विकत घ्यायला शे-दोनशे डॉलर सहज लागतात. पण राइस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स' उपक्रमानं २०१३ पासून शरीररचना-शरीरक्रियेचं संपूर्ण पाठ्यपुस्तक इंटरनेटवर फुकट दिलंय. संख्याशास्त्र, मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांचीही आहेत. इथं बार्शीत, चिपळुणात बी.एस्सी. करणारी मुलगीसुद्धा ती उतरवून घेऊ शकते. तिनं ती पुस्तकं छापून घेतली, स्पायरल केली आणि स्वयंपाक करताना ओट्यावर उभी करून हाडांची नावं पाठ केली. मुलगाही शिकला. शाळेत पडला तर बाईंना म्हणाला, माझ्या टिबियाला लागलंय!

कराचंही सांगायला हवं. तिथं 'लाइफटाइम लर्निंग क्रेडिट' नावाची सवलत आहे. पदवीला नाव घातलेलं नसलं, एकच विषय केला, तरी वर्षाच्या फीच्या वीस टक्के रक्कम करातून वजा होते. दहा हजारांपर्यंतच्या फीवर, म्हणजे जास्तीत जास्त दोन हजार डॉलर. तिची वर्षाची फी चोवीसशेच्या घरात, म्हणजे पावणेपाचशेच्या आसपास सुटले. अर्धा विषय कराच्या पैशात! नवरा-बायकोनं एकत्र विवरणपत्र भरायला हवं आणि दोघांचं मिळून उत्पन्न एक लाख साठ हजारांच्या वर गेलं की सवलत कमी होत होत एक लाख ऐंशी हजारांना संपते. कॉलेज जानेवारीत १०९८-टी नावाचा फॉर्म पाठवतं, तो टपालाच्या ढिगात हरवू द्यायचा नाही. २०२६ या वर्षापासून मात्र या सवलतीला सोशल सिक्युरिटी नंबरची अट लागू झाली आहे. ज्यांच्याकडे तो नाही, नुसता आयटीआयएन आहे, त्यांनी कर सल्लागाराला विचारल्याशिवाय हे पैसे हिशेबात धरू नयेत.

फीपेक्षा मोठा खर्च मात्र कुठल्याच कागदावर नसतो. प्रयोगशाळा संध्याकाळी सहा ते नऊ. नवरा सात वाजता घरी पोचणार. त्या वेळात मूल कुणी बघायचं? तिथं पाळणाघराला महिन्याला हजार डॉलरच्या वर सहज लागतात, सांभाळायला येणारी मुलगी तासाचे पंधरा-वीस डॉलर घेते. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, सत्राचे पंधरा आठवडे, हिशेब करून बघा. विषयापेक्षा मुलाला सांभाळणं महाग! कित्येकींचं शिक्षण फीवर नाही, इथं अडतं.

बार्शीवालीच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी गेल्या त्या नेमक्या ऑगस्टात. 'तू जा गं वर्गाला, त्याचं मी बघते. भाकरी शिकवते त्याला,' असं म्हणाल्या म्हणे. शरीररचनेचा पहिला भाग सासूबाईंच्या जिवावर झाला. पुढच्या वर्षी आई गेली, तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्र झालं. मुलीकडे, सुनेकडे जायचं ठरवताना आपण थंडी किती असते, चेरीची फुलं कधी येतात ते विचारतो. तिचं सत्र कधी सुरू होतं, प्रयोगशाळा कुठल्या वारी, हेही एकदा विचारून मग तिकीट काढावं. दोन सत्रांच्या मधे त्या गेल्या नाहीत ना, शेजारच्या तेलुगू मैत्रिणीशी अदलाबदल केली. मंगळवारी हिचं मूल तिच्याकडे, शनिवारी तिची दोन्ही हिच्याकडे.

तिचे सातही विषय झाले. सहा 'ए', एक 'बी प्लस'. फी ४,८००, मूल्यमापन, पुस्तकं, प्रयोगशाळेचा कोट, बसचं भाडं धरून वहीच्या शेवटच्या पानावर साडेपाच हजारांचा आकडा आहे. घराचं डाउन पेमेंट ठरल्यापेक्षा आठ महिने उशिरा झालं, पण झालं. नवऱ्यानं त्या वहीचं कौतुक केलं का, असं मी मुद्दाम विचारलं. म्हणाली, 'कौतुक नाही केलं. पण आता पुढच्या फीचा विषय तोच काढतो.' अर्ज दोन ठिकाणी गेलेत, मुलाखत मार्चमध्ये आहे. आणि आईकडून तिनं अजून एक ट्रान्सक्रिप्टची प्रत मागवली आहे, कारण दुसऱ्या विद्यापीठाला वेगळी सीलबंद लागते.